चित्राची डावी कड मगदूमांकडे

नवलाई टॉकीजचा पडदा सत्तर मिलिमीटरच्या चित्राला थोडा अपुरा असल्यामुळे चित्राची डावी कड भिंतीपलीकडे मगदूमांच्या स्वयंपाकघरात पडत असे.

कासारपेठेत याचं कुणाला काही वाटत नव्हतं. एवढं मोठं चित्र, ते कुठेतरी पडणारच, असा लोकांचा साधा हिशेब होता. पद्माक्का मगदूम यांच्या फडताळावर कधी ढग येऊन बसे. कधी घोड्याचा मागचा अर्धा भाग चुलीपाशी उभा राही आणि पुढचा अर्धा त्याच वेळी थिएटरात टाळ्या घेई. स्वयंपाकघरात जागा कमी, त्यामुळे तिथे येणारं सगळं बेताच्याच आकाराचं येई. पडद्यावर तीन पुरुष उंच दिसणारा सरदार मगदूमांकडे आला की माणसाएवढाच होई आणि वरच्या फळीला डोकं लागू नये म्हणून मान वाकवून उभा राही.

तक्रार आली ती याबद्दल नव्हे. तक्रार अशी होती, की एकाच चित्रपटात दुपारच्या खेळाला गड पडतो आणि संध्याकाळच्या खेळाला तोच गड राहतो. तक्रारदाराने दोन्ही खेळ पाहिले होते, आणि आपल्याला नेमकं काय वाटायला हवं, असं त्याने मोठा पडदा गुणवत्ता मंडळाला विचारलं होतं.

मंडळाने पुण्याहून विश्राम चाफळकरांना पाठवलं. चाफळकर म्हणजे नाकासमोर चालणारे गृहस्थ. उजेड, स्पष्टपणा, स्थिरपणा, आवाज आणि चित्राचा पुरेपणा, एवढं पाहायचं आणि सही करायची, हे त्यांचं काम. चित्रपट कशाबद्दल आहे हे त्यांना सहसा कळत नसे. नायिका रडत असली तर तिच्या पापण्या वेगवेगळ्या दिसतात का, हे ते पाहत. लग्न झाल्यावर बायको एकदाच त्यांच्याबरोबर सिनेमाला गेली होती. ऐन विरहाच्या प्रसंगात हे उठून पडद्याचा कोपरा बघून आले, तेव्हापासून ती बहिणीबरोबर जाते.

नवलाईचे मालक धैर्यशील सरनोबत त्यांना घ्यायला स्वतः एसटी स्टँडवर आले. अंगापिंडाने भरदार माणूस, पण चेहरा उतरलेला.

"दुपारी पडतोय, सायब. रोज पडतोय," ते गाडीत बसल्याबसल्याच म्हणाले. "संध्याकाळी टाळ्यांनी थेटर दणाणतंय आणि दुपारी लोक माना खाली घालून बाहेर पडत्यात. मशीन तेच, रिळं तीच, ऑपरेटरबी त्योच."

"दुपारी व्होल्टेज कमी असतं का?"

"व्होल्टेजनं गड पडंल व्हय?"

चाफळकरांनी विचार केला. पडू नये, असं त्यांना वाटलं. तरी त्यांनी व्होल्टेज तपासलं. ते दोन्ही वेळी ठीक होतं.

दुपारच्या खेळाला ते पुढे बसले, मग मध्ये, मग बाल्कनीत. चित्रपट ऐतिहासिक होता. गडाला वेढा पडलेला. शत्रू मागच्या कड्याने वर चढणार, ही खबर घेऊन राणू नावाचा जासूद गडाखाली वडाच्या झाडापाशी थांबलेला. समोरच्या टेकडीवर आपल्या माणसाने जाळ केला की शत्रू निघाला असं समजायचं आणि राणूने धावत जाऊन दरवाज्यावर हाक द्यायची, असं ठरलं होतं. उजेड उत्तम होता. कोपरे स्वच्छ होते. टेकडीवर जाळ पेटला, त्याच्या ज्वाळा जराही थरथरल्या नाहीत. पण राणू काही आला नाही. शत्रू कड्याने चढून वर आला, किल्लेदाराने तलवार खाली ठेवली आणि गड पडला. अगदी शेवटी डावीकडच्या कोपऱ्यात एक माणूस जांभई देत गावाच्या वाटेला लागलेला दिसला. त्याच्या पाठीवरच्या घोंगडीचा केस न् केस दिसत होता.

संध्याकाळच्या खेळाला जाळ पेटला आणि राणू डाव्या बाजूने सुसाट आला. दरवाज्याखाली उभा राहून त्याने हाक दिली, गड जागा झाला, आणि त्याच वेळी खालून आलेला बाण त्याच्या पाठीत घुसला. त्याला उचलून आत नेलं. किल्लेदाराच्या मांडीवर त्याने प्राण सोडला. वर बायकांनी हंबरडा फोडला, खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. उजेड दुपारइतकाच उत्तम होता.

चाफळकरांच्या डोक्याचा भुगा व्हायची वेळ आली. फिल्मवर एकच गोष्ट छापलेली असते, असं ते आजवर धरून चालले होते. त्यांनी ऑपरेटरच्या खोलीत जाऊन रीळ उजेडासमोर धरलं. फिल्मवर राणू धावत होता. म्हणजे संध्याकाळचा खेळ बरोबर आणि दुपारचा चुकीचा म्हणावा, तर दुपारच्या खेळात चुकीचं असं काहीच नव्हतं. चित्र स्पष्ट, स्थिर आणि पुरं होतं. पुरं कुठलं, असं त्यांच्या मनात आलं आणि ते थबकले. जाळ पेटायच्या आधी राणू वडाखाली थांबतो, तो भाग काही त्यांनी पाहिला नव्हता. थिएटरात त्याच्या भाल्याचं फक्त टोक दिसत होतं. बाकीचा राणू मगदूमांकडे होता.

मंडळाचा नियम असा, की जिथे जिथे चित्र पडतं तिथे तिथे जाऊन ते तपासायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी चाफळकर मगदूमांच्या दारात उभे राहिले. पद्माक्कांचे यजमान बाबगोंडा मगदूम बाहेरच्या सोप्यात शेंगा फोडत बसले होते.

"थेटराचं हाय व्हय?" ते म्हणाले. "जावा की आत. मध्यंतर झालंय. चपला हितं काढा."

स्वयंपाकघरात पाण्याच्या हंड्यामागे वडाचं झाड आलं होतं. चाफळकरांनी पानं पाहिली. एकेका पानाची शीर दिसत होती. थिएटरात एवढा स्पष्टपणा नव्हता, आणि हे त्यांना जरा लागलं, कारण इथे बसायला एकच पाट होता. झाडाखाली राणू उभा होता. पन्नाशीचा माणूस, दाढीचे खुंट पांढरे, पाय सुजलेले. पद्माक्का चुलीपाशी बसून भाकरी थापत होत्या.

"बसा दादा," त्या राणूला म्हणाल्या. "दोन घास खाऊन घ्या."

"नगं आक्का. कामावर हाय."

"काम काय पळून जातंय व्हय? पाय बघा कसं झाल्यात."

राणू प्रत्येक खेळाला पहिल्यांदाच येत असल्यामुळे रोज एवढा आग्रह करावाच लागे. त्याने भाला फडताळाला टेकवून ठेवला आणि तो पाटावर बसला. पद्माक्कांनी भाकरी, वांग्याची भाजी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि दही असं ताट वाढलं. दोन दिवस चाललेला माणूस जसा जेवेल तसा तो जेवू लागला. तिसऱ्या भाकरीला त्याचं लक्ष चाफळकरांकडे गेलं.

"ह्ये कोन?"

"तपासायला आल्यात," पद्माक्का म्हणाल्या.

"गनिमाकडनं?"

"मंडळाकडून," चाफळकर म्हणाले.

"मंग बरं हाय," असं म्हणून राणूने आमटी ओरपली.

चाफळकरांनी संधी साधून विचारलं, "तुम्ही तिथे उभे असता तेव्हा चित्र हलतं का? म्हणजे थोडी थरथर, असं काही?"

"म्या कशापाई हलू? हलू नगं म्हनून तर हुबा केलाय."

उत्तर समाधानकारक होतं. राणूने हात धुतले, "अन्नदाता सुखी भव" म्हटलं, वडाच्या बुंध्याला पाठ टेकली आणि बघता बघता त्याचा डोळा लागला. थोड्याच वेळात लोणच्याच्या बरण्यांच्या वर, माळ्यापाशी, टेकडीवरचा जाळ पेटला. बरण्या लालभडक दिसू लागल्या. पद्माक्का ताट घासायला लागल्या.

"अहो, इशारा झाला," चाफळकर म्हणाले.

"झाला की."

"मग यांना उठवायला नको?"

पद्माक्कांनी हातातली राख झटकली. त्या चिडल्या नव्हत्या. एखाद्या हळू शिकणाऱ्या मुलाला सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

"पयल्या दिवशी मला काय म्हाईत नव्हतं, सायब. मी भाकरी थापतीया आणि मानूस समोर हुबा. न्हाई कसं विचारायचं? जेवला, झोपला. त्या दुपारी भिंतीपलीकडं रडारड झाली न्हाई, सांच्याला झाली. तवा ध्यानात आलं. आता सांगा, आपल्या घरात जेवलेलं मानूस. त्येला झोपंतनं उठवून मरायला धाडू? तुमी धाडाल?"

"मला तसा अधिकार नाही," चाफळकर म्हणाले. आणि हे म्हणताना आपल्याला आत कुठेतरी बरं वाटतंय, हे त्यांच्या लक्षात आलं. असं काही त्यांना कामावर असताना वाटत नसे.

"आणि संध्याकाळी?" त्यांनी विचारलं.

पद्माक्का पुन्हा ताट घासू लागल्या. दारात येऊन उभे राहिलेले बाबगोंडा बोलले. "आमी जैन, सायब. दिवस मावळल्यावर खात न्हाई, आणि हिचा नेम असा की वाढतबी न्हाई. सातच्या खेळाला त्यो येतोय तवा अंधार झालेला असतोय. त्यो हितं उपाशी हुबा, आणि ही सोप्यात भिंतीकडं तोंड करून बसलेली. पलीकडं रडायला लागले की उठती आणि डोक्यावरनं पाणी घेती. रोज. थंडीत सर्दी झाली हुती. म्हटलं, आगं, त्येचं आपलं नातं न्हाई, सुतक कसलं धरतीस? तर म्हनती, दुपारी जेवलाय."

पलीकडून गड पडल्याचा आवाज आला. राणू जागा झाला, डोळे चोळले, भाला शोधला, आणि आपल्याला उशीर झाला हे कळून क्षणभर खाली मान घालून बसला. मग घोंगडी उचलून भिंतीतून बाहेर पडला, गावाच्या वाटेला.

सरनोबतांनी हे सगळं ऐकलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. "म्हंजे माझा गड मगदूमीणबाई पाडतीया. आवो, आडनाव सरनोबत माझं. माझ्या थेटरात रोज दुपारी गड पडतोय, हे कुठं सांगायचं?" मग ते जरा सावरले. त्यांच्याकडे उपाय होता. प्रोजेक्टरच्या खिडकीला डाव्या बाजूने एक काळी पट्टी लावायची. तेवढी कड कापली की मगदूमांकडे काही पडणार नाही. राणू कुठेच थांबणार नाही, त्याला कुणी जेवायला घालणार नाही, आणि जाळ पेटला की तो वेळेवर धावेल. दोन्ही खेळ एकसारखे.

"चित्र कापायला मंडळाची परवानगी नसते," चाफळकर म्हणाले.

"तपासनीसानं सही केली तर चालतंय, असं तुमच्याच कागदावर हाय. आणि खेळ एकसारखे न्हाई झाले तर माझा परवाना जातोय, हेबी हाय."

दोन्ही खरं होतं. चाफळकर लॉजवर जाऊन पलंगावर बसले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सही केली तर राणू रोज दोनदा मरणार. नाही केली तर नवलाई बंद होणार, आणि थिएटर बंद म्हणजे राणू धड मेलेला नाही, धड जिवंत नाही, डब्यात गुंडाळलेला. वीस वर्षांत त्यांनी पुष्कळ थिएटरं तपासली होती, पण चित्रातल्या माणसाचं बरं व्हावं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, आणि ते नेमकं कुठल्या रकान्यात मोडतं हे त्यांना समजेना. राणू नाही आला म्हणजे गड गेला, गडावरची सगळी माणसं गेली. एकाच्या जेवणापायी एवढ्यांचं नुकसान बरोबर नव्हे, हे त्यांना पटत होतं. आणि पद्माक्कांचंही पटत होतं. अशी दोन्हीकडून पटण्याची त्यांना सवय नव्हती.

संध्याकाळचा भाग तिथे बसून तपासल्याशिवाय सही करायची नाही, एवढंच त्यांनी ठरवलं. लॉजवाल्याने रात्रीचं जेवण डब्यात भरून दिलं, तो डबा घेऊन ते पुन्हा मगदूमांकडे गेले. मध्यंतर झालं होतं. पद्माक्का सोप्यात भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. स्वयंपाकघर आवरून ठेवलेलं, चूल सारवलेली. चाफळकर पाटावर बसले आणि वडाखाली राणू आला.

दुपारच्यासारखाच स्पष्ट. पायाला तीच सूज.

"तुमी कोन?"

"मंडळाकडचा."

"बरं," राणू म्हणाला, आणि उभा राहिला. तो सारवलेल्या चुलीकडे पाहत होता. भुकेलं माणूस चुलीकडे कसं पाहतं, हे चाफळकरांनी पडद्यावर कैकदा पाहिलं असेल, पण तेव्हा ते कोपरे बघत होते. आता बघायला कोपरेच नव्हते. समोर राणूच होता.

त्यांनी उजेड मोजला, थरथर पाहिली. सगळं योग्य होतं. मग करायला काही उरलं नाही आणि त्यांना स्वतःलाच भूक लागली. जेवून घ्यावं म्हणून त्यांनी डबा उघडला. चपात्या, बटाट्याची भाजी, वरणभात. डब्याचं झाकण उघडलं आणि राणूने मान दुसरीकडे वळवली. परक्याच्या ताटाकडे बघू नये, एवढी रीत त्याला होती.

बस्स, तिथे सगळं फसलं. कुणी समोर उपाशी उभा असताना एकट्याने डबा खायचा, हे चाफळकरांना जमेना. त्यांनी काही ठरवलं नव्हतं. सही करायची की नाही हेही ठरवलं नव्हतं. तोंडातून आपलं निघून गेलं.

"या, बसा. घ्या दोन घास."

"नगं सायब. कामावर हाय."

"अहो, मला एकट्याला जास्त होतं."

राणूने भाला फडताळाला टेकवला. चाफळकरांनी अर्धी चपाती घेतली आणि बाकी सगळं त्याच्यापुढे सारलं. तो जेवला. वरणभात हाताने निपटून घेतला, डब्याला बोट फिरवलं, "अन्नदाता सुखी भव" म्हणाला आणि बुंध्याला टेकला. चाफळकरांना आयुष्यात कुणी अन्नदाता म्हटलं नव्हतं. ते ओशाळले.

मग माळ्यापाशी जाळ पेटला.

सोप्यातून पद्माक्का आल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या. त्यांनी रिकामा डबा पाहिला, झोपलेला राणू पाहिला, आणि चाफळकरांकडे पाहिलं. पलीकडे थिएटर गच्च भरलेलं होतं. गडावरचे पहारेकरी पेंगत होते, शत्रू कड्याला लागला होता. अजून वेळ होती. खांद्याला हात लावला असता तरी राणू उठला असता. चाफळकरांनी हात पुढे केलासुद्धा. राणू घोरत होता, तोंड उघडं, मिशीला वरणाचा थेंब. चाफळकरांचा हात तसाच राहिला. ते जाळाकडे बघत बसले. ज्वाळा स्थिर होत्या, बरण्यांवर प्रकाश सारखा पसरला होता.

मोठ्या चित्राचा आवाज सहा बाजूंनी येतो. त्यातली डावी बाजू राणूची. त्यामुळे घोरणं सबंध थिएटराला ऐकू गेलं. गड संध्याकाळी पहिल्यांदाच पडला, तो त्या घोरण्यात पडला. कुणी शिट्टी मारली नाही. कुणी खुर्च्या आपटल्या नाहीत. काय झालं तेच लोकांना कळेना.

मागच्या दाराने सरनोबत आले. तावातावाने आले होते, दारापासूनच बोलत होते. "चाफळकर सायब, ह्यो काय प्रकार? माझा संध्याकाळचा गड—"

आणि थांबले. आजवर त्यांनी राणूला फक्त पडद्यावर पाहिलं होतं. तिथे तो झाडाएवढा असे, छाती दरवाज्याएवढी, आणि बाण लागून पडला तरी डोंगर पडल्यासारखा दिसे. इथे त्यांच्याहून वीतभर बुटका एक म्हातारपणाकडे झुकलेला माणूस पाय पसरून झोपला होता. टाचा फुटलेल्या होत्या.

"एवढाच हाय व्हय ह्यो?" सरनोबत हळू आवाजात म्हणाले.

"जागा कमी आहे," चाफळकर म्हणाले.

सरनोबत तसेच उभे राहिले. पलीकडून शत्रूच्या फत्तेच्या तोफांचा धडाका झाला, राणू दचकला आणि कुशीवर वळला. सरनोबतांच्या कपाळावर आठी पडली. ते मागच्या दाराशी गेले आणि वर ऑपरेटरच्या खिडकीकडे बघून त्यांनी हाताने खूण केली. आवाज खाली आला. तोफा लांब गेल्यासारख्या वाटू लागल्या.

मंडळाच्या हिशेबाने तो आवाज पुष्कळच कमी होता. चाफळकरांनी तो मोजलाही. मग अहवालात 'ध्वनी योग्य' असं लिहिलं, आणि खाली 'दोन्ही खेळ एकसारखे आहेत, चित्र कोठेही कापू नये' असं लिहून सही केली.

त्या रात्री पद्माक्कांनी डोक्यावरून पाणी घेतलं नाही.

चाफळकर पुण्याला गेल्यावर संध्याकाळचं काय, हा प्रश्न उरलाच. तो कासारपेठेने आपल्या पद्धतीने सोडवला. गावात पूर्वी शिकायला आलेली मुलं वार लावून जेवत, सात वारांची सात घरं. राणूचे तसेच वार लावले गेले; ज्याचा वार त्याने सातच्या खेळाला मगदूमांकडे डबा पोचवायचा. सोमवार सरनोबतांचा. गुरुवार डोअरकीपर रमजान पटवेगारांचा. सुरुवातीला काही लोक कुरकुरले, गड पडलेला बघायला काय पैसे द्यायचे म्हणाले, आणि दोन आठवडे रुसून पुन्हा आले. गड पडायचा थांबला नाही. लोकांनी त्याची सवय करून घेतली.

पुढच्या वर्षी परवान्याच्या नूतनीकरणासाठी चाफळकर पुन्हा आले. चित्रपट तोच चालू होता. सातच्या खेळाला ते मधल्या रांगेत बसले. उजेड बघितला, कोपरे बघितले. मध्यंतर झालं, दुसरा भाग सुरू झाला. आणि थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की शेजारच्या बाई पडद्याकडे बघतच नाहीत. त्या डावीकडे बघत होत्या. पुढच्या रांगेतली माणसंही डावीकडे बघत होती. चाफळकरांनी मागे वळून बाल्कनी पाहिली. सगळं थिएटर डावीकडे मान करून बसलं होतं, आणि समोर एवढ्या मोठ्या पडद्यावर शत्रू कड्याला लागत होता, त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

डाव्या भिंतीत बोळात उघडणारं एक लहान दार होतं. त्याच्या फटीशी पटवेगार उभे होते. त्यांच्या नजरेला मगदूमांची खिडकी होती.

"जेवला का वो?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"अजून डबा न्हाई आला," पटवेगार म्हणाले.

थिएटरात चुळबुळ झाली. टेकडीवर लाकडं रचली जात होती. "आज कुणाचा वार?" कुणीतरी विचारलं. "शिकलगारांचा," दुसऱ्याने सांगितलं. बाल्कनीतून एक माणूस धडधडत जिना उतरला, आणि तो शिकलगारच असावा, कारण लोकांनी त्याला वाट करून देताना चार शब्द सुनावले. चाफळकरांचंही उजेडमापक हातातच राहिलं. जाळ पेटला. किल्लेदार पडद्यावर काहीतरी मोठं वाक्य बोलला, ते कुणी ऐकलं नाही. दाराच्या फटीतून पटवेगार बघत होते आणि सगळे पटवेगारांकडे बघत होते. राणू भाला उचलतो की काय, एवढाच प्रश्न होता.

"त्येची पाठ हाय जाळाकडं. आक्का बोलत बसल्यात त्येच्याशी," पटवेगार म्हणाले. "गाव कंचं, इचारत्यात. हां. हां, आला डबा."

कुणी हललं नाही.

"बसला खाली," पटवेगार म्हणाले. आणि मग, "जेवतोय."

सगळ्या थिएटराने श्वास सोडला. शेजारच्या बाईंनी पदर सारखा केला. लोक खुर्च्यांत मागे रेलले, त्यांनी माना पडद्याकडे वळवल्या आणि निवांतपणे गड पडताना बघितला.